पत्ता माहीत नाही

३ फेब्रुवारी

धाकटे,

तुझी पत्रं पोचली. सगळी. दीड वर्षात अकरा. त्यांना माझं हे पहिलं उत्तर, आणि तेही भांडायला लिहितेय, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेव आणि नीट बसून वाच.

कॉलेजला पत्र लिहायची अवदसा तुला कुठून आठवली? अगं, मला शिव्या घालायच्या होत्यास, दारात येऊन तमाशा करायचा होतास, मी ऐकून घेतलं असतं. थेट प्राचार्यांना? आणि कॉलेजचं नाव तुला सांगितलं कुणी? राहू दे, मला माहीत आहे. तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या काकू. त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आता तुझ्या पत्राने काय करून ठेवलंय ते ऐक. भुंगी दातांच्या कवळ्या करायला शिकतेय. दोन वर्षांचा कोर्स, दुसरं वर्ष संपत आलंय, एप्रिलमध्ये शेवटची परीक्षा. तू तिला माझ्याकडे सोडून गेलीस तेव्हा तेरा वर्षांची होती, आता अठरा पूर्ण झाली, पण काम करताना गुणगुणायची खोड तीच आहे, म्हणून नावही तेच राहिलं. माझं जेवायचं टेबल तिने बळकावलंय. घरात माणसं दोन आणि जबडे सात! मेणात एकेक दात बसवत असते आणि मला म्हणते, "मावशी, जरा हस बघू, सुळा किती पुढे असतो ते बघू दे." तिचे कवळीवाले सर कुणाला चांगलं म्हणत नाहीत. ते हिला म्हणाले, तुझ्या बोटांना दिसतं.

हे सगळं चाललंय ते कॉलेजच्या मदतीवर. माझ्या पगारात ते बसणारं नव्हतं. मी अजून तिथेच आहे, इस्पितळाच्या धुलाईखान्यात, चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवर. ज्या मुलांच्या मागे आईबाप उभे नाहीत त्यांना कॉलेज फी माफ करतं, बसचा पास देतं, हत्यारांची पेटी देतं, दुपारचं जेवण देतं. त्यासाठी दर जूनला एक फॉर्म भरायचा असतो. त्यात एक ओळ आहे, "आईचा पत्ता". तिच्यापुढे मी लिहिलं, "पत्ता माहीत नाही". असं लिहिलं की आईची सही लागत नाही, सांभाळणाऱ्याची पुरते. आणि माझ्या सहीखाली विद्यार्थिनीची सही असते, की वर लिहिलेलं सगळं खरं आहे.

पहिल्या वर्षी ते खरंच होतं. दुसऱ्या वर्षी फॉर्म भरला तेव्हा तुझी सहा पत्रं घरात होती, आणि प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर तुझा पत्ता, ठसठशीत अक्षरात.

आता कॉलेज विचारतंय, आई म्हणते मी घरी पत्रं पाठवते, मग पत्ता माहीत नाही कसा? खुलासा करा. माहिती खोटी निघाली तर मदत बंद, आजवर दिलेलं परत, आणि विद्यार्थिनीला परीक्षेला बसता येणार नाही. विद्यार्थिनीला, धाकटे. मला नाही.

कॉलेजचं पत्र माझ्या नावे आलं, म्हणून भुंगीला अजून काही कळलेलं नाही. काल रोलरवर माझ्या हातून चादर जळली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. मुकादम म्हणाला, "लक्ष कुठे आहे तुमचं?"

तू एक कर. कॉलेजला लिही की पत्रं पाठवायची मनात होती, पाठवली नव्हती, लिहिताना चूक झाली. एवढं एक खोटं बोल. "आठ दिवसांत येते" म्हणून त्या रंगाऱ्याबरोबर निघून गेलेल्या बाईला ते जड जाऊ नये. आणि यापुढे इथे पत्र लिहू नकोस. तुझ्या पत्रांनी तिची मदत जाईल. कळलं?

ताई

९ फेब्रुवारी

धाकटे,

लिहू नकोस म्हटलं तरी तुझं उत्तर आलंच. नाही ऐकायचं म्हटलं की नाही ऐकायचं, लहानपणापासून तुझं हेच. यावेळी पाकिटावर माझं नाव होतं, म्हणून उघडलं.

म्हणतेस, तू सांगशील ते कॉलेजला लिहिते, फक्त आधी एक सांग, भुंगी माझी पत्रं वाचते का. वाचते गं. पायाच्या ऑपरेशनचं वाचून काय म्हणाली, असं विचारतेस. काय म्हणणार? वाईट वाटलं तिला. काळजी घे म्हणाली. उत्तर का देत नाही ते मला विचारू नकोस, ते तुम्हा मायलेकींचं, मी मध्ये पडत नाही. आणि फोन नंबर मागतेस तो देणार नाही. फोनवर मी आधी ओरडेन, मग रडेन, आणि बोलायचं ते राहूनच जाईल.

पण ते खोटं आता लिहू नकोस. उशीर झाला. मी स्वतः कॉलेजात जाऊन आले.

वाचनालयाच्या मागे एक खोली आहे, तिथे मदतवाल्या बाई बसतात. भुंगी त्यांचं नाव काढते तेव्हा आवाज खाली आणते, तसाच मीही आणला. बाई माझ्याहून लहान असतील. अंगात जाड स्वेटर, तोंडात खोकल्याची गोळी, आणि बोलणं इतकं मऊ की मी दाराशीच थांबले. ओरडणाऱ्या माणसाचं मला काही वाटत नाही, मी स्वतःच ओरडते. मऊ बोलणाऱ्याची भीती वाटते. "बसा ना," म्हणाल्या, "पाणी घेता?" आणि तुझं पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं.

वाचलं मी. मला वाटलं होतं तू हक्क सांगशील, बहिणीने मुलगी बळकावली म्हणून बोंब मारशील. तू लिहिलं होतंस, "माझी मुलगी माझ्या पत्रांना उत्तर देत नाही. रागावली असेल तर तो तिचा हक्क आहे. ती बरी आहे का, एवढंच कुणीतरी कळवा." बास. तीन ओळी. मी त्या दोनदा वाचल्या, कारण वर बघायची हिंमत होत नव्हती.

"घरी पत्रं येतात का?" बाईंनी विचारलं.

मी म्हणाले, "टपालाचं काही खरं नाही हो हल्ली."

बाईंनी गोळी या गालातून त्या गालात नेली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल गं? तेच डोक्यात फिरतंय. मग म्हणाल्या, वीस तारखेला चार वाजता त्या घरी येणार. तोवर भुंगीशी काही बोलणार नाहीत, तसा नियमच आहे, मुलीशी आणि सांभाळणाऱ्या माणसाशी एकत्रच बोलायचं, म्हणजे कुणी कुणाला पढवलं असं व्हायला नको. दारापर्यंत सोडायला आल्या. मी भलत्याच बसमध्ये चढले आणि शेवटच्या थांब्यावर उतरून चालत घरी आले.

भुंगी मला बघून म्हणाली, "मावशी, तू पांढरीफटक पडलीयेस." मी सांगितलं, कॉलेजच्या बाई वीस तारखेला तपासणीला येणार आहेत. ती म्हणाली, "येऊ दे की! आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? दात?" आणि एक जबडा उचलून माझ्या तोंडासमोर खटखट वाजवला. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

ताई

१३ फेब्रुवारी

धाकटे,

कुठला पाय? उजवा की डावा? मला माहीत नाही.

भुंगीच्या नावाचं तुझं एकही पत्र मी उघडलेलं नाही. भुंगीनेही नाही. पत्रं आली हेच तिला माहीत नाही. साबणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत, सगळी, आली तशी. टपाल दुपारी येतं. मी पहिल्या पाळीची, दोनला घरी असते, ती पाचला येते. तीन तास खूप असतात.

गेल्या खेपेला लिहिलं ना, वाईट वाटलं तिला, काळजी घे म्हणाली? ते मी बनवलं. लिहिताना मला ते इतकं सहज सुचलं की नंतर माझीच मला किळस आली.

पहिलं पत्र आलं तेव्हा खरंच वाटलं होतं, सहामाही परीक्षा होऊ दे, मग देऊ. परीक्षा झाली तेव्हा दुसरं आलं होतं. मग दोन कशी द्यायची, पहिलं कुठे होतं असं विचारेल. तिसरं आल्यावर तर प्रश्नच नाही. उघडली नाहीत, कारण ती माझी नव्हती. हसू नकोस. चोराने कुलूप लावून चोरी केल्यासारखं आहे हे, मलाही कळतं.

आणि मदतीचं. मी तुला लिहिलं, तुझ्या पत्रांनी तिची मदत जाईल. तेही खोटं. जूनमध्ये मदतवाल्या बाईंनी मला स्वच्छ सांगितलं होतं की आईचा पत्ता लागला तर काही बिघडत नाही, मला सांभाळणं जमत नाही अशी आईची एक सही आणायची, मदत चालूच राहील. एक सही, धाकटे! पण ती आणायची म्हणजे तुला लिहायला हवं होतं. आणि तुला लिहिलं असतं तर तू आली असतीस. बाईंसमोर मान डोलावली, घरी आले, आणि या हाताने लिहिलं, पत्ता माहीत नाही. कागद तिच्यापुढे सरकवला. तिने वाचलासुद्धा नाही. "कुठे करू सही?" म्हणाली, गुणगुणत केली, परत मेणाकडे वळली.

मला भीती होती ती तुझ्याकडे जाईल. दुसरं काही नव्हतं. मला मूल नाही, नवरा होता तो किती दिवस टिकला ते तुला माहीत आहे. पाच वर्षांत हे घर तिच्या गुणगुणण्याने भरलंय. ती गेली तर मी त्या घरात शिरायचं कसं, एवढीच भीती. ती भीती मी तिच्या भल्याचं नाव देऊन फिरवत होते.

अजून एक आहे, ते लिहायला दोन दिवस लागले. या हिवाळ्याच्या सुरुवातीला तिला ताप आला होता. ताप उतरल्यावर, अगदी शुद्धीवर असताना, तिने छताकडे बघत विचारलं, "मावशी, आई जिवंत असेल का गं?" ती ज्या पलंगावर पडली होती त्याच पलंगाखाली तो डबा होता. मी म्हणाले, "कोण जाणे."

उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

ताई

१८ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर आलं नाही. रोज दोनला येऊन टपाल बघते. तू दीड वर्ष काय केलंस ते पाच दिवसांत कळलं.

काल मी डबा पिशवीत घालून कामावर नेला. धुलाईखान्याच्या मागे भट्टी आहे, पाणी तापवायची. तिचा दरवाजा उघडला की तोंड भाजतं. मी पंधरा मिनिटं तिथे उभी होते. पत्रं गेली की संपलं. टपालाचं काही खरं नाही, आली असतील नसतील, कोण सिद्ध करणार? भट्टीवाला म्हणाला, "काही टाकायचंय का ताई?" मी पिशवी काखेत घट्ट धरली.

तेव्हा डोक्यात आलं. तुझं पत्र कॉलेजच्या फायलीत आहे. त्यात लिहिलंय, मी पाठवते, ती उत्तर देत नाही. म्हणजे बाईंच्या लेखी पत्रं तिला मिळतात, तिला तुझा पत्ता माहीत आहे, आणि तरी तिने खाली सही केली. खोटी ती ठरते. मी किती ओरडून सांगितलं की तिला माहीत नव्हतं, तरी कोण विश्वास ठेवणार? मावशी आहे, बोलणारच. तिला माहीत नव्हतं याचा पुरावा जगात एकच आहे. न फोडलेली अकरा पाकिटं.

आणि तोच पुरावा तिने पाहिला की मी संपले.

भट्टीवाल्याला म्हणाले, काही नाही, ऊब घ्यायला आले होते. ऊब! इतकी थरथरत होते की त्याला खरंच वाटलं.

आज तिने विचारलं, "बाई आल्या की चहाबरोबर काय द्यायचं?" मी म्हणाले, काही नको. ती म्हणाली, "असं कसं, त्यांच्यामुळे तर मी शिकतेय," आणि पिशवी घेऊन बिस्किटं आणायला गेली. परवा या वेळी ती माझ्याशी बोलत असेल का? मी तिला आज रात्रीच सांगायला हवं. दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हणाले दूध संपलंय, एकदा म्हणाले थंडी वाढलीय.

ताई

२१ फेब्रुवारी

धाकटे,

झालं.

काल बाई चारला दहा मिनिटं असताना आल्या. टेबलावर जबडे होते, त्यांनी एक हळूच सरकवून फाईलला जागा केली. भुंगीने चहा ठेवला, बिस्किटं मांडली. मी तिला आधी सांगितलं नव्हतं. नाही जमलं. मी कपबशा पुसत राहिले, आणि ती गुणगुणत होती.

"आईशी शेवटचं बोलणं कधी झालं?" बाईंनी तिला विचारलं.

"पाच वर्षं झाली."

"त्यानंतर पत्र वगैरे?"

"नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार मऊ पाहिलं. मग तिला म्हणाल्या, "तुझ्या आईचं कॉलेजला पत्र आलंय. त्या म्हणतात की त्या तुला लिहीत असतात."

भुंगीच्या हातात बिस्किटांची बशी होती. "माझी आई?" म्हणाली. "कधी? आहे ती?"

ते "आहे ती?" ऐकलं आणि मी उठले. पलंगाखालून डबा काढला, टेबलावर ठेवला, झाकण निघेना, नख तुटलं. म्हणाले, "ही अकरा पत्रं. मी लपवली. हिला यातलं काही माहीत नाही. बघा, एकही फुटलेलं नाही, पोस्टाचे शिक्के बघा, तारखा बघा. हिने सही केली ती माझ्यावर विश्वास ठेवून. जे काय करायचं ते माझं करा, हिची परीक्षा काढून घेऊ नका." हे सगळं मी एका श्वासात बोलले. बावीस वर्षं यंत्रांच्या आवाजात बोलायची सवय, खालच्या काकूंनीही ऐकलं असणार.

बाईंनी एकेक पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि तारीख लिहून घेतली. लिहून झालेलं पाकीट त्या भुंगीपुढे ठेवत होत्या. ती हात लावत नव्हती, नुसती शिक्के वाचत होती. मग तिने मान वर न करता विचारलं, "मला ताप आला होता, तेव्हा होती ही?"

मी म्हणाले, "नऊ होती."

"हं," म्हणाली.

एवढंच. तिने जबडे भिंतीवर फेकले असते, मला नाही नाही ते बोलली असती, तर बरं झालं असतं. तिने बशी खाली ठेवली आणि एकेक जबडा फडक्यात गुंडाळून पेटीत भरायला लागली. बाई मला समजावत होत्या. भुंगीबद्दल त्या चांगलंच लिहितील, पाकिटांचंही लिहितील, पण निर्णय समितीचा, पाच मार्चला. नवा फॉर्म लागेल, आईच्या सहीचा. सांभाळणारी म्हणून माझी सही आता चालणार नाही. मग तिच्याकडे वळून विचारलं, "तोपर्यंत इथे राहशील, की वसतिगृहात एक खाट रिकामी आहे ती देऊ?"

माझ्याकडे बघितलं नाही तिने. म्हणाली, "वसतिगृहात."

भुंगी पत्रं घेऊन गेली. तिचा स्वेटर विसरली, तो मी वसतिगृहाच्या फाटकावर देऊन आले.

सोबत फॉर्म आहे. पेन्सिलने फुली केलीय तिथे सही कर आणि लगेच पाठव, तुझ्या पाया पडते. उशीर झाला तर समिती ऐकून घेणार नाही. वसतिगृहाचा पत्ताही लिहितेय, खाली. आता पत्रं तिथे पाठव, माझ्याकडे नको.

ताई

१ मार्च

धाकटे,

फॉर्म मिळाला, त्याच दिवशी कॉलेजात नेऊन दिला. बाईंनी सही तपासली आणि तू सोबत पाठवलेला पत्त्याचा दाखला जोडला. आता फक्त वाट बघायची. वाट बघणं मला जमत नाही, मी चादरी मोजायचं विसरते.

सोबतची तुझी चिठ्ठी वाचली. म्हणतेस, "मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. पण तेरा वर्षांच्या पोरीला सोडून मी गेले होते, तू नाही. तुला शिव्या द्यायला बसले की मध्येच मला तेच आठवतं." बरोबर आहे. माफ करू नकोस. मीही तुला केलेलं नाही. एकमेकींना निदान खरं तरी लिहितोय.

भुंगीचा तुला फोन आला हे तुझ्या चिठ्ठीतूनच कळलं. बराच वेळ बोलली म्हणतेस. पाय डावा, हेही तुझ्या चिठ्ठीतूनच. माझ्याशी ती बोललेली नाही. दोनदा वसतिगृहावर गेले, फाटकावरच्या बाई वर निरोप देतात आणि खाली येऊन सांगतात, काम चाललंय तिचं. चालू दे.

समितीने नाही म्हटलं तर मी काय करायचं ते ठरवून ठेवलंय. मुकादमाकडे दुसरी पाळी मागितलीय. पण परीक्षेलाच बसू दिलं नाही, तर किती पाळ्या केल्या तरी काय उपयोग? तिच्या हातात कला आहे, आणि एका ओळीपायी ती जाईल. ती ओळ मी लिहिली. हे डोक्यात आलं की रोलर बंद करून उभं राहावं लागतं.

ताई

७ मार्च

भुंगी,

हे तुला माझं पहिलंच पत्र. एका घरात राहिलो, लिहायची वेळ कधी आली नाही. अक्षर हलतंय, कारण निम्मं बसमध्ये लिहिलंय, आणि उरलेलं तुझ्या वसतिगृहाच्या फाटकावर, इथल्या बाईंच्या स्टुलावर बसून.

आज दोन वाजता घरी आले तर टपालात तुझ्या नावाचं पाकीट होतं. कॉलेजच्या समितीचं. त्यांच्याकडे अजून आपल्याच घरचा पत्ता आहे. दोन वाजून पाच मिनिटांनी मी परत बसथांब्यावर होते. जेवलेले नाही, कामाचे कपडे तसेच आहेत, अंगाला साबणाचा वास येत असेल.

आत काय आहे मला माहीत नाही. उजेडात धरून बघितलं नाही. जाड आहे की पातळ तेही चाचपलं नाही. खोटं. चाचपलं. काही कळलं नाही.

माझ्यावर विश्वास ठेव म्हणायचं तोंड मला नाही, म्हणून ते म्हणत नाही. तू आईकडे जा, वसतिगृहात राहा, तुला हवं तिथे राहा. मी तुला माझ्याजवळ ठेवायला बघत होते, आणि त्यात तुझीच परीक्षा पणाला लावली. तापात तू विचारलंस तेव्हा "आहे" एवढाच शब्द बोलायचा होता. तो मी गिळला. त्याचं मला रोज वाईट वाटतं, आणि वाटत राहावं.

हे पाकीट आणि हे पत्र मी फाटकावरच्या बाईंच्या हातात देतेय. त्या वर आणून देतील. मी वर येणार नाही, आणि तू खाली यायलाच हवं असं नाही. तुझी खिडकी दुसऱ्या मजल्यावर डावीकडून तिसरी, बाईंनी सांगितलं. मदत मंजूर झाली असेल तर वाचून झाल्यावर तिथून नुसता हात कर. झाली नसेल तर खाली ये, मला हवं ते बोल, आणि मग आपण दोघी मिळून मदतवाल्या बाईंकडे जाऊ, त्या सहापर्यंत असतात. आणि हात करायचा नसेल, तर नको करूस, तेही बरोबरच आहे.

शेवटची बस सातला आहे. तोवर मी समोरच्या भिंतीशी उभी आहे. फार भीती वाटतेय गं.

मावशी